सात-आठ टन असेल हो

सकाळी साडेसहाला फोन वाजतो. पलीकडून आधी पत्ता येतो, मग घाई येते, आणि वजन मात्र मी विचारल्यावरच येतं. "सात-आठ टन असेल हो." गेली एकोणचाळीस वर्षं मी हे वाक्य ऐकतो आहे. बोलणारा सातपूरचा असो, सिन्नरचा असो की गोंद्याचा, शेवटचा तो 'हो' काही सुटत नाही. त्या 'हो'मध्ये एक विनवणी असते. तुम्हीही सात-आठच धरा, म्हणजे लहान क्रेन येईल, भाडं कमी लागेल आणि दुपारच्या आत काम उरकेल.

लोक मुद्दाम खोटं बोलतात असं मला वाटत नाही. लोखंड डोळ्यांना फसवतं. दीड मीटर लांब, मीटरभर रुंद आणि वीस मिलीमीटर जाड अशी एक प्लेट जमिनीवर पडलेली असेल, तर पाहणाऱ्याला वाटतं की दोघं मिळून उचलतील. ती भरते दोनशे पस्तीस किलो. एका प्लेटचं हे असं, तर आख्ख्या मशीनचं काय होणार?

मी द्वारकेला आलो १९८६ साली, एकोणीस वर्षांचा असताना. निफाड तालुक्यातून, दहावी करून, एका नातेवाइकाच्या ओळखीनं. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता जिथे मिळतात तो हा नाशिकचा चौक. आता डोक्यावर उड्डाणपूल आहे. तेव्हा वर आभाळ आणि खाली ट्रकच ट्रक. वडाळा नाक्याच्या अंगानं गॅरेजं, टायरवाले, कमानपाटे बसवणारे, वेल्डिंगची खोपटी. त्यांच्यामध्ये आमच्या मालकांच्या चार क्रेन उभ्या असत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडे जायचं तर एक रस्ता, नाशिकरोड-सिन्नरला दुसरा, ओझर-पिंपळगावला तिसरा. क्रेन रस्त्यावर बैलगाडीपेक्षा थोडीच जोरात चालते. त्यामुळे ती उभी कुठे आहे यालाच निम्मी किंमत.

मला शिकवलं ते वस्तादांनी. ते रत्नागिरीकडचे. मुंबईच्या गोदीत खलाशी म्हणून सुरुवात केलेली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रात २१० मेगावॉटचे संच उभे राहत होते, तेव्हा रिगिंगच्या टोळीबरोबर ते नाशिकला आले आणि इथलेच झाले. खलाशी म्हटलं की लोकांना जहाज आठवतं. आमच्या धंद्यात माल बांधणारा, सोडणारा, खालून इशारा देणारा तो खलाशी.

पहिला आठवडा वस्तादांनी मला क्रेनच्या दांड्याला हात लावू दिला नाही. हौदातून बादली भरून आणायला लावली आणि म्हणाले, "छातीशी धर." धरली. "आता हात सरळ पुढे कर." मी पाच-सात सेकंद टिकलो असेन.

"बादली बदलली?"

"नाही."

"पाणी वाढलं?"

"नाही वस्ताद."

"मग काय झालं?"

"हात भरून आले."

"अंतर वाढलं रे. क्रेनला वजन जड होत नाही, अंतर जड होतं. हे समजेपर्यंत बादली धरत जा."

मी रोज धरत होतो. बूमवर रंगवलेला आकडा ही छातीशी धरलेली बादली आहे, हे मग डोक्यात बसलं. बारा टनी क्रेन बारा टन उचलते ती अगदी पोटाशी घेऊन. हूक जसजसा लांब जातो तशी तिची ताकद उतरत जाते, आणि बूम पूर्ण बाहेर काढली की तीच क्रेन दोन टनांच्या आसपास येऊन थांबते. किती अंतरावर किती उचलायचं याचा तक्ता प्रत्येक क्रेनबरोबर येतो. आमच्या केबिनमध्ये तो इंग्रजीत चिकटवलेला होता, तेलाच्या बोटांनी काळा झालेला. वस्तादांना इंग्रजी वाचता येत नसे, पण आकडे पाठ होते. त्यांनी मला तो वहीत मराठीत उतरवायला लावला. ती वही अजून माझ्याकडे आहे.

क्रेनचे प्रकार मला पुस्तकातून समजले नाहीत. कोणती क्रेन कशाला घाबरते, त्यावरून समजत गेले.

हायड्रापासून सांगतो, कारण रस्त्यावर तीच दिसते. हे मुळात एका कंपनीच्या क्रेनचं नाव. आता चार चाकांची, पुढे सोंड काढलेली कुठलीही क्रेन म्हणजे हायड्रा. तिचा मोठा गुण असा, की माल उचलून ती चालू लागते. पाय रोवायची गरज नाही. गॅरेजच्या बोळात शिरते, शेडच्या दारात वळते, ट्रकमधून मशीन काढून जागेवर नेऊन ठेवते. आणि तिचा दोष त्याच गुणात आहे. तिला पाय नाहीत. पुढची चाकं हा तराजूचा काटा. एका पारड्यात माल, दुसऱ्यात क्रेनचं स्वतःचं धूड. जुन्या हायड्रात ड्रायव्हर मागे बसायचा आणि समोर आडवी बूम. चालताना पुढचा माणूस दिसायचा नाही. म्हणून अनेक मोठ्या कामांवर जुन्या हायड्राला आता आत घेत नाहीत. पुढे केबिन असलेल्या नव्या गाड्या आल्या, त्यांना आमच्याकडे फराना म्हणतात.

१९९४ सालची गोष्ट. एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून पॉवर प्रेस हलवायचा होता. फोनवर वजन सांगितलं होतं सात टन. आमची हायड्रा बारा टनी. आम्ही पोचलो तेव्हा कारखान्यातल्या ओव्हरहेड क्रेननं, म्हणजे ईओटीनं, प्रेस शेडच्या दारापर्यंत आणून ठेवलेला होता. तिथून आम्ही उचलायचा आणि बाहेरच्या ट्रेलरवर ठेवायचा. वस्तादांनी विचारलं, "वजनाची पाटी कुठे आहे?" सुपरवायझर म्हणाले, "अहो, आमची दहा टनी क्रेन आरामात घेऊन आली. तुमची तर बारा टनी आहे."

याच वाक्यावर मी पुढे कितीतरी वेळा अडलो आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ईओटी ही छताखालची क्रेन. शेडच्या दोन्ही बाजूंना, खांबांच्या डोक्यावर रूळ. रुळांवर आडवा पूल. पुलावर इकडून तिकडे फिरणारी ट्रॉली, आणि तिला हूक. खालचा माणूस हातातल्या पेंडंटची बटणं दाबून तिला चालवतो. तिचं वजन आणि मालाचं वजन दोन्ही सरळ खांबांवर उतरतं. त्यामुळे शेडच्या या टोकाला असो की त्या टोकाला, दहा टनी ईओटी दहा टनच उचलते. ती अंतर ओळखतच नाही. आयुष्यभर तिच्याखाली काम केलेल्या माणसाला क्रेनची ताकद म्हणजे एकच आकडा, असं वाटलं तर त्यात त्याची चूक काय? पण त्या शेडच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की हिशोब बदलतो. आत ती दुसऱ्या कुणाच्या तरी पायांवर उभी असते. बाहेर आमची क्रेन स्वतःच्या.

त्या दिवशी मी चालवत होतो. प्रेस उचलला तेव्हा काही जाणवलं नाही, कारण तो पोटाशी होता. ट्रेलरच्या फाळक्यामुळे मला जवळ जाता येईना. मी बूम थोडी बाहेर काढली. मग अजून थोडी. स्टिअरिंग एकदम हलकं झालं. ते हलकेपण मी आजही हातात ओळखतो. मागची चाकं जमीन सोडत होती.

"आर्या!" वस्ताद ओरडले. "आर्या, आर्या!"

मी दांडा सोडला नाही, ढकलला. प्रेसचा एक कोपरा ट्रेलरच्या फळीवर टेकला, फळी कडाडली आणि मागची चाकं धप्पकन खाली आली. ट्रेलरवर उभा असलेला पोरगा उडी मारून बाजूला झाला होता. कुणाला लागलं नाही. वस्तादांनी मला एक शब्द सुनावला नाही. चिंधी घेतली, प्रेसच्या मागच्या बाजूचं ग्रीस पुसलं, रंगाचा थर नखानं खरवडला. खाली पितळी पाटी होती. ९,६०० किलो.

त्या दिवसापासून माझ्या खिशात मोजपट्टी असते.

मोजून वजन काढणं अवघड नाही, आणि हे प्रत्येक मालाच्या मालकाला यावं असं मला मनापासून वाटतं. लोखंडी पत्र्याचं वजन चौरस मीटरला दर मिलीमीटर जाडीमागे आठ किलोला थोडं कमी. गोल सळईचा व्यास मिलीमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, १६२ नं भागायचं. मीटरला किती किलो ते मिळतं. सळईवाल्याच्या पोरालाही हे येतं. सळई घातलेलं काँक्रीट घनमीटरला अडीच टन. पाणी घनमीटरला एक टन, आणि हेच लोक विसरतात. टाकी रिकामी आहे म्हणतात, तळाशी वीतभर गाळ-पाणी असतं. टाकीचा तळ दोन मीटर बाय दोन मीटर असेल तर त्या वीतभर पाण्याचंच वजन पाऊण टनाच्या पुढे जातं, आणि टाकी कलली की ते सगळं एका बाजूला धावतं. आम्ही ठोकून बघतो. भरीव आवाज आला की आधी तळाची बूच काढा म्हणून सांगतो.

वजन कळलं तरी ते टांगायचं कसं, हा पुढचा प्रश्न. माल बांधायच्या पट्ट्यांना रंग ठरलेले आहेत. जांभळा एक टनाचा, हिरवा दोन, पिवळा तीन, करडा चार, लाल पाच. पण दोन टनांचे दोन पट्टे म्हणजे चार टन, हे फक्त दोन्ही सरळ उभे लोंबत असतील तेव्हाच. हुकापासून ते जितके पसरतील तितका प्रत्येकावर ताण वाढतो. जमिनीशी तीस अंशांचा कोन झाला, तर प्रत्येक पट्टा एकट्यानं पूर्ण वजन ओढू लागतो. वस्ताद हे सांगायला दोन माणसांमध्ये ओली चादर पिळायला लावायचे. जितकी ताठ, तितकं मनगट दुखतं.

'आर्या'चं राहिलं. वस्ताद इशाऱ्यासाठी दोन शब्द वापरत. उचल म्हणजे 'हाबेस', उतरव म्हणजे 'आर्या'. मला वाटायचं ही कोकणातली बोली. पुढे एका जुन्या गोदी कामगारानं सांगितलं, की 'आर्या' हा पोर्तुगीज खलाशांचा शब्द. शिडं खाली घ्या, असं सांगायला ते 'आरियार' म्हणत. तो शब्द मुंबईच्या गोदीत उतरला, आणि तिथून वस्तादांबरोबर घाट चढून द्वारकेच्या नाक्यावर आला. आता वॉकीटॉकी आहे, ठरलेले हातवारे आहेत. तर्जनी वर करून गोल फिरवली की उचल, अंगठा वर केला की बूम वर. पण गोंगाटात, घाईत, जीव धोक्यात असताना माझ्या तोंडून अजूनही 'आर्या'च निघतं, आणि झारखंडहून आलेला पोरगासुद्धा तेवढं समजतो. एक नियम मात्र शब्दांच्या पलीकडचा आहे. उचलण्याचा इशारा एकाच माणसानं द्यायचा. थांबण्याचा इशारा कुणीही दिला, चहावाल्यानं दिला, तरी थांबायचं.

बाहेरच्या मोठ्या कामांना टेलिस्कोपिक क्रेन लागते. ट्रकच्या पाठीवर बसलेली, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची बूम असलेली, चार बाजूंना पाय काढून उभी राहणारी. हिला घाबरवते ती जमीन. माल एका कोपऱ्यावर फिरला की गाडी आणि माल मिळून जो भार होतो, त्यातला पाऊण हिस्सा एकाच पायावर येऊ शकतो. चाळीस टनांची गाडी, दहा टनांचा माल. पस्तीस-चाळीस टन एका परातीएवढ्या थाळीवर! म्हणून आम्ही पायाखाली लाकडी स्लीपर रचतो, एकमेकांना आडवे. निफाड-ओझरच्या काळ्या मातीत पावसाळ्यात तेही पुरत नाहीत, जाड लोखंडी प्लेट अंथरावी लागते.

पण खरी धास्ती काळ्या मातीची नाही. ती दिसते तरी. माझी मोठी चूक झाली ती गुळगुळीत डांबरी रस्त्यावर, शहरातच. गच्चीवर जनरेटर चढवायचा होता. वजन मोजलं, अंतर मोजलं, तक्ता पाहिला, सगळं बरोबर. मागचा डावा पाय जिथे टेकवला तिथे डांबराखाली जुनी गटार होती. जनरेटर दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर असताना तो पाय हातभर खचला. क्रेन वाकली, जनरेटर भिंतीला घासत गेला आणि सज्जाचा कोपरा घेऊन थांबला. माल हळूहळू उतरवला तेव्हा माझा शर्ट पिळून काढण्याइतका भिजला होता. त्या घराच्या आजी गॅलरीतून म्हणाल्या, "इथे गटार आहे हे मला विचारायचं होतं की रे बाबा." खरंच विचारायचं होतं. तेव्हापासून कुठेही गेलो तरी आधी तिथल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शोधतो आणि विचारतो, या जागेखाली काय आहे?

टॉवर क्रेनवर मी फार काम केलं नाही, त्यामुळे फार सांगत नाही. गंगापूर रोडला, पाथर्डी फाट्याला उंच इमारती सुरू झाल्या तशा त्या नाशिकच्या आभाळात दिसू लागल्या. एक ओळखीचा ऑपरेटर सकाळी शिडीनं वर चढायचा तो संध्याकाळीच उतरायचा, डबा दोरीनं वर जायचा. शेजारच्या सोसायटीतले लोक मला विचारायचे, "रात्री वर कुणी नसताना ती क्रेन आपोआप फिरते, हे काय?" ते मुद्दाम असतं. काम संपलं की फिरण्याचा ब्रेक सोडून ठेवतात, म्हणजे वाऱ्याबरोबर ती वातकुक्कुटासारखी वळते. ब्रेक लावून अडवली तर वारा तिला पाडायला बघेल.

वाऱ्याशी माझी गाठ पडली ती साक्रीजवळ, ब्राह्मणवेलच्या पठारावर. तिथे पवनचक्क्या उभ्या राहत होत्या. आमच्या मालकांना क्रॉलर क्रेनला मदत करायचं काम मिळालं, आणि मी दोन हायड्रा घेऊन सात महिने तिथे राहिलो. क्रॉलर म्हणजे रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी क्रेन. तिची बूम जाळीची, तुकड्या-तुकड्यांची. ती स्वतः रस्त्यानं येऊ शकत नाही. बूमचे तुकडे, पट्टे, मागची वजनं असं सगळं ट्रेलरवर लादून आणायचं आणि जागेवर जोडायचं. जोडायलाच कित्येक दिवस जातात, आणि ती जोडायला दुसऱ्या क्रेन लागतात. आम्ही त्या दुसऱ्या. वस्तादांनी आयुष्यात एवढी मोठी क्रेन जवळून पाहिली नव्हती. पन्नाशी कधीच ओलांडली होती, गुडघे दुखत होते, तरी हट्टानं बरोबर आले. पहिल्या दिवशी तिच्या पट्ट्याला हात लावून ते बराच वेळ नुसते उभे राहिले.

पवनचक्कीची जागा निवडतात ती भरपूर वारा असलेली. आणि पातं वर चढवायला हवी असते शांत हवा. सत्तर-ऐंशी मीटरवर पातं टांगलं की ते स्वतःच शीड होतं. सेकंदाला आठ-दहा मीटरच्या वर वारा गेला की काम बंद. खाली उभ्या माणसाला झुळूक वाटते आणि बूमच्या टोकावरचं यंत्र वेगळंच सांगत असतं. आम्ही पहाटे तीनला उठायचो, कारण तेव्हा पठार थोडं निवांत असायचं. कधी पाच दिवस नुसतं बसून काढले. इतकी माणसं, इतकी भाड्याची यंत्रं, सगळं थांबलेलं. वरून फोनवर फोन. तिथला मुख्य ऑपरेटर, पंजाबकडचा एक शांत माणूस, केबिनमधून उतरून चहा पीत बसायचा. त्याच्यावर आवाज चढवून बोललेलं मी ऐकलं, आणि त्यानं यंत्रावरचा आकडा दाखवण्यापलीकडे काही उत्तर दिलेलं ऐकलं नाही. त्या माणसाबद्दल मला जो आदर वाटला तो फार थोड्या लोकांबद्दल वाटला आहे.

क्रेन माणसासाठी वापरली ती एकदाच, १९९९ च्या पावसाळ्यात. विल्होळीच्या पुढे लासलगावचा कांदा घेऊन वाशीला निघालेला ट्रक रात्री उलटला. ड्रायव्हरचे पाय केबिनखाली. कुणीतरी मोटारसायकलवर द्वारकेला बोलवायला आलं. हायड्रा घेऊन पोचायला आम्हाला अर्धा तास लागला, आणि तो अर्धा तास मला अजूनही लांब वाटतो. रस्ताभर कांदे, पाऊस, बघ्यांची गर्दी. "ओढा, ओढा!" असा एकच आवाज. वस्तादांनी कुणाचं ऐकलं नाही. ट्रकमध्ये किती माल उरलाय, चासी कुठे अडकलीय, वजन कुठे आहे, काहीच माहीत नव्हतं. त्यांनी मला क्रेन इतकी जवळ घ्यायला लावली की बूम ट्रकवर जवळजवळ उभी राहिली. मग ते चिखलात आडवे झाले, ड्रायव्हरच्या डोक्याशी डोकं लावून, आणि एक हात माझ्या दिव्यात दिसेल असा वर धरला. बोटं मिटली की थांब, उघडली की वर. चार बोटं उचललं की थांबायचं, खाली स्लीपर सारायचा, मग पुढचं. आम्ही एकूण वीतभरच उचललं असेल. त्या वीतभर उचलण्याला पाऊण तास लागला. ड्रायव्हर इंदूरकडचा होता. वस्ताद त्याच्याशी पूर्ण वेळ काहीतरी बोलत होते. काय, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. एक पाय गेला, माणूस वाचला.

२०१३ मध्ये द्वारकेवरून उड्डाणपूल सुरू झाला. त्याच्या बांधकामाच्या रात्री मी अड्ड्यावरून पाहिल्या आहेत. आमच्या हायड्राही शटरिंगचं सामान हलवायला तिथे होत्या. खाली पुण्याच्या बसगाड्या, आणि वर प्रकाशात मोठाल्या क्रेनी. वस्ताद तेव्हा काम सोडून गावी गेले होते. पूल पाहायला ते एकदा आले आणि चौकात उभे राहून म्हणाले, "आता द्वारकेला आभाळ नाही."

दहा वर्षांनी, ३१ जुलै २०२३ ची रात्र उलटत असताना, शहापूर तालुक्यात सरळांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम चालू असताना गर्डर लाँचर कोसळला. वीस माणसं गेली. गर्डर लाँचर हीसुद्धा क्रेनच. खांबांच्या डोक्यावर बसून पुलाचे तुकडे पुढे पुढे मांडत नेणारी. मेलेले बहुतेक दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेले. आमच्या अड्ड्यावर त्या दिवशी कुणी गाडी काढली नाही. कुणी ठरवलं नव्हतं. एकेक जण आला, बसला आणि बसूनच राहिला. कुठल्या जोडावर, कशामुळे, हे ठरवणारा मी कोण? मला एवढंच वाटत राहिलं, की रात्रपाळीला त्या उंचीवर चढताना त्यांच्यापैकी एखाद्याला जरी काही खटकलं असेल, तर ते खाली येऊन सांगण्याइतकी त्याची पत होती का? रोजंदारीवरच्या, भाषा वेगळी असलेल्या माणसानं "थांबा" म्हटलं तर कोण थांबणार होतं?

कायदा आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २९ मध्ये लिहिलेलं होतं, की उचलण्याचं प्रत्येक यंत्र, साखळी, दोर वर्षातून एकदा तरी जाणकाराकडून पूर्ण तपासून घ्यायचा. क्रेनच्या रुळांजवळ माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्या सहा मीटरच्या आत येऊ द्यायची नाही. हे मी आमच्या पोरांना वाचून दाखवतो. पण 'नाही' म्हणणाऱ्या ऑपरेटरचा रोज त्या दिवशी बुडू नये, हे अजून कुठल्या कागदावर मला सापडलेलं नाही. ते मालकावर असतं. आमच्या अड्ड्यावर आता हिशोब मी बघतो. न उचलता परत आलेल्या गाडीच्या ऑपरेटरला पूर्ण शिफ्ट मिळते, हा नियम मी पाळतो.

गेल्या महिन्यात तसाच सकाळचा फोन आला. सिन्नरकडे एका जुन्या शेडमध्ये प्रेसखालचा काँक्रीटचा पाया कापून सुटा केला होता, तो बाहेर काढायचा होता. "सात-आठ टन असेल हो." मी चौदा टनी गाडी पाठवली, बरोबर आमचा बावीस वर्षांचा पोरगा. नऊच्या सुमाराला त्याचा फोन आला. मागे कुणीतरी जोरात बोलत होतं.

"काका, मी उचललं नाही."

"मोजलंस?"

"दोन पॉइंट चार, एक पॉइंट आठ, उंची दीड. माझं सोळाच्या वर येतंय. शेठ म्हणतात, लावून तर बघ."

मी फोनवरच मांडलं. सहा पॉइंट अठ्ठेचाळीस घनमीटर, गुणिले अडीच. सोळा टन दोनशे. शिवाय खालची माती तो ठोकळा सहजी सोडणार नव्हती, ती ओढ वेगळीच. त्याला म्हटलं, "हूक वर घे, इंजिन बंद कर, मी येतो."

मी मोटारसायकलनं पोचलो तेव्हा शेठ गाडीत एसी लावून बसले होते. माझ्याशी बोलले नाहीत. मी पट्टी काढून पुन्हा मोजलं; पोराचा आकडा बरोबर होता, एका सेंटिमीटरचाही फरक नव्हता. चाळीस टनी टेलिस्कोपिक द्वारकेहून निघाली होती, तिला यायला दीड तास होता. पोरानं स्लीपर खाली उतरवून ठेवले होते, पाय जिथे येणार तिथे खडूनं खुणाही केल्या होत्या. शेडच्या मागे एक म्हातारा वॉचमन बिडी ओढत बसला होता.

"यांना विचारलंस?" मी म्हणालो.

"विचारलं काका. त्या कोपऱ्यात जुनी विहीर बुजवलेली आहे म्हणाले. म्हणून खुणा इकडे केल्यात."